जिल्हाभर विखुरलेला ट्रक

जुन्या ट्रकचे पार्ट दुकानात नसतात. ते गावोगावी कुणाकुणाच्या घरी नांदायला गेलेले असतात. स्प्रिंगच्या पाट्यांचे विळे आणि कुऱ्हाडी होतात, कारण ट्रकच्या पाट्याचं पोलाद लोहाराच्या विशेष आवडीचं. पाणी चांगलं घेतं, धार धरून ठेवतं. मागचा धुरा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली जातो. फाळका गोठ्याचं दार होतो. इंजिन शाबूत असेल तर एखाद्या हलरला जुंपलं जातं आणि उरलेलं आयुष्य एका जागी उभं राहून धान भरडतं. दिवाळीनंतर लाखांदूरकडे धानाची कापणी चालू असली की मी वाकलेल्या बायांच्या हातातले विळे बघत बसतो. यातला एखादा कधीकाळी तेंदूपत्त्याच्या गोण्यांचा भार पेलत जंगलातून आला असेल, असं मनात येतं. आता त्या बाईकडून तो कोण परत मागणार?

माझा ट्रक तुमसरकडच्या एका बंद राइसमिलच्या मागे सापडला. लांब नाकाची टाटा-मर्सिडीज, एल-३१२. टाटांच्या टेल्को कंपनीचा आणि जर्मनीच्या डायम्लर-बेंझचा करार झाला आणि १९५४ पासून जमशेदपूरला हे ट्रक बनू लागले. करार संपला १९६९ मध्ये. तोवर जाळीवर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असायचा. पुढे त्या जागी टाटांचा टी आला. त्यामुळे तारा असलेली गाडी म्हणजे किमान पंचावन्न वर्षांची, हे कुणी कागद न दाखवताही कळतं. माझ्या गाडीच्या जाळीवर मात्र नुसती भोकं आहेत. तारा सगळ्यात आधी जातो. तो लहान, चकाकता आणि पोरांच्या हाताला येईल अशा उंचीवर असतो.

पार्ट शोधायला निघालं की आपलाच भंडारा जिल्हा नव्याने भेटतो. गडेगावला १९८२ पासून अशोक लेलँडचा कारखाना आहे, गिअरबॉक्स तिथेच बनतात. वरठीला सनफ्लॅगच्या भट्ट्यांतून मोटार उद्योगाला लागणारं मिश्र पोलाद निघतं. म्हणजे हमरस्त्यावरच्या कितीतरी गाड्यांच्या पोटात भंडाऱ्याचं काही ना काही असतं. आणि मी याच रस्त्यावरून एका गिअरसाठी नागपूरला निघालेला असतो! कारखान्याचा यात काही दोष नाही. लेलँडचा दात मर्सिडीजला बसत नाही, आणि आजचा दात कालच्या लेलँडलाही बसेलच असं नाही. जुन्या लेलँडचे नटबोल्ट इंची, मर्सिडीजचे मिलिमीटरचे. पान्यांच्या पेटीवरून मिस्त्री कुठल्या गाड्यांवर वाढला ते ओळखता येतं.

नागपूरच्या काउंटरवरचा मुलगा मॉडेल विचारतो, संगणकात पाहतो आणि म्हणतो, "बंद झालं." दुकानात एखादा म्हातारा मुनीम असेल तर मात्र थांबावं. तो काही पाहत नाही, आधी नमुना मागतो. तुटका तुकडा हातात घेऊन अंगठ्याने कड चाचपतो आणि पोटमाळ्याकडे बघतो. असला माल व्यापाऱ्याच्या हिशेबी मेलेला. वर्षानुवर्षं पडून राहिलेला. वरून मेणकागदाची पुडी येते, आत ग्रीस गोठून मधासारखं झालेलं. ते पुसताना जो वास येतो त्याच्यापुढे मला नव्या गाडीचा वास फिका वाटतो. भाव विचारावा तर मुनीमालाच सांगता येत नाही. जुन्या पुडीवरची किंमत वाचून दोघंही हसतात.

काही गोष्टी पोटमाळ्यावरही नसतात. उदाहरणार्थ हीटर प्लग. या इंजिनात डिझेल आधी छोट्या कोठीत पेटतं, त्यामुळे थंड इंजिन चालू करायचं तर ती कोठी तापवावी लागते. डॅशबोर्डवर एका भोकाआड तारेचं वेटोळं असतं. ते लाल होईस्तोवर ड्रायव्हर थांबायचा. पौषातल्या पहाटे मॅंगनीज भरायला चिखल्याला, डोंगरी बुजुर्गला निघालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पहिला उजेड पडायचा तो त्या वेटोळ्याचा. सहाही प्लग एकाच ओळीत जोडलेले. लग्नातल्या दिव्यांच्या माळेसारखं, एक गेला की सगळे गेले. आमच्या मिस्त्रींना विचारलं तर म्हणाले, "असन जी कोनाच्या तरी डब्यात. पायतो." या 'पायतो'ला महिने लागतात, पण तो खोटा नसतो. शेवटी प्लग आले ते एका पाण्यात बुडालेल्या पंपघरातून, खिळ्यांच्या डब्यातून.

रेडिएटरची कथा वेगळी, कारण तिथे भंडारा स्वतः कामाला आला. या शहराची पितळी भांडी प्रसिद्ध. जुन्या रेडिएटरची वरची टाकी पितळेचीच असते, आणि माझी कोपऱ्यात फाटली होती. आजचे रेडिएटर ॲल्युमिनियम-प्लास्टिकचे, फाटले की फेकायचे. मी टाकी उचलून थेट कासाराकडे नेली. त्यांनी ती उलटीपालटी करून बोटाच्या पेराने वाजवली, आवाजावरून पत्र्याची जाडी जोखली आणि फाटकी कड थोडी तापवून, लाकडी हातोडीने हळूहळू बसती केली. मग नवसागराची चिमूट पडली, पांढरा धूर नाकात झोंबला, आणि कथलाची बारीक धार फटीतून अशी पळाली की जोड कुठे होता ते शोधावं लागलं. "घागरच आहे," ते म्हणाले, "फक्त चौकोनी." पैसेही घागरीचेच घेतले.

एवढं करून गाडी उभी राहिली तरी सरकारदरबारी तिला जागा नाही. केंद्राने २०२१ साली जुन्या वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. पण ही सोय आहे खासगी वापराच्या दुचाकींना आणि मोटारींना. शेठजींची गाडी वारसा ठरते. शेठजींचं धान, बांबू, मॅंगनीज ज्याने वाहिलं तो ट्रक भंगारच. मला हे साफ अन्यायाचं वाटतं. या जिल्ह्याचा पैसा मोटारींतून फिरला असेल, पण तो आला ट्रकांतून.

तेव्हा वाचकहो, तुमच्या वाड्यात, कोठ्यात, बंद मिलच्या पडवीत तीन टोकांचा तारा, जाड काचेचा दिवा किंवा मेणकागदातली पुडी पडली असेल, तर कबाडीवाल्याला किलोच्या भावाने देण्याआधी गावातल्या जुन्या मिस्त्रीला एकदा दाखवा. कुणाला काय हवं आहे ते त्याला ठाऊक असतं.