बुडवलेली अक्षरे

आपली वस्तू दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून माणूस काय करील याचा नेम नाही. कुणी मोहरा पुरतो, कुणी किल्ल्या कनवटीला लावतो. लंडनच्या एका वृद्ध गृहस्थांनी मात्र चक्क अक्षरे नदीत बुडवली!

टी. जे. कॉब्डन-सँडरसन हे त्यांचे नाव. १९०० साली त्यांनी एमरी वॉकर यांच्या भागीदारीत हॅमरस्मिथला ‘डव्ह्ज प्रेस’ हा छापखाना काढला. पंधराव्या शतकात व्हेनिसमध्ये निकोलस जेन्सनने वापरलेल्या अक्षरांवरून त्यांनी आपले वळण बेतले, आणि एडवर्ड प्रिन्स या कारागिराने ते पोलादात कोरले. पुढे भागीदारांचे बिनसले. आपल्यामागे ही अक्षरे वॉकरकडे जाणार, हा करार कॉब्डन-सँडरसनना सोसवेना. १९१६ च्या ऑगस्टअखेरपासून १९१७ च्या जानेवारीपर्यंत ते रात्रीच्या अंधारात पुलावर जात आणि छपाईचे खिळे थेम्समध्ये ओतून येत. पंच्याहत्तरी उलटलेल्या त्या माणसाने सुमारे टनभर धातू असा बुडवला.

मला त्यांचा राग येत नाही. मी कादंबऱ्या लिहितो. हस्तलिखित दुसऱ्याच्या स्वाधीन करताना पोटात कसे कालवते, ते मला ठाऊक आहे. पण माझा दुसरा धंदा मास्तरकीचा. दर जूनमध्ये मी पोरांना फळ्यावर ‘ग’ काढून दाखवतो. चार दिवसांत वर्गात तीस तऱ्हांचे ‘ग’ होतात आणि त्यांतला एकही माझा राहत नाही! अक्षर दिल्यानेच टिकते, हे मास्तराला कळते. कादंबरीकाराला जरा उशिरा कळते.

कॉब्डन-सँडरसनही एक गोष्ट विसरले. त्यांनी छापलेली पुस्तके केव्हाच लोकांच्या घरी पोचली होती. त्या पानांवरूनच रॉबर्ट ग्रीन या कलावंताने ती अक्षरे संगणकासाठी पुन्हा रेखाटली आणि २०१३ साली लोकांपुढे आणली. काम सोपे नव्हते. दाबाखाली शाई कागदावर पसरते. त्यामुळे छापलेले अक्षर मूळ खिळ्यापेक्षा किंचित जाड दिसते. त्या पसरलेल्या शाईतून धातूची खरी कड ओळखायची! पुढे २०१४ साली पाणबुड्यांनी त्याच पुलाखालून सुमारे दीडशे खिळे वर काढले. पण त्याआधीच अक्षरे जिवंत झाली होती, ती कागदामुळे.

हे वाचले आणि मला आमच्या माळ्यावरची निर्णयसागरची पोथी आठवली. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत काढलेला हा छापखाना. त्यांच्या खिळ्यांचे वळण राणोजी रावजी आरूंच्या हातचे. त्या अक्षरांना संगणकावर आणायचे, तर काम किती मोठे! इंग्रजीची लहान-मोठी मिळून बावन्न अक्षरे. आपली जोडाक्षरेच शेकड्यांनी. एखादे विरळ जोडाक्षर कुठल्या पोथीत कुठल्या पानावर सापडेल, कोण सांगणार?

आपल्या अक्षरांना नदीची भीती नाही. भीती आहे ती वाळवीची आणि रद्दीवाल्याच्या तराजूची. म्हणून एवढेच सांगतो : दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून पिवळी पडलेली पोथी खाली आली, तर ती लगेच दाराबाहेर ठेवू नका. देवाचे नाव घ्यायला नको असेल तर राहू द्या, पण तिची अक्षरे एकदा निरखून पाहा. एखाद्या अक्षराचा साचा म्हणून तेवढेच पान उरलेले असेल.