पाऊणकी

तर झालं असं, की जानेवारीतल्या एका रात्री सिएटलच्या मित्राने अस्वलांचे फोटो पाठवले. एकदोन नाही, चांगले त्रेसष्ट. ट्रिप जुलैमधली, पण साहेबांना फोटो निवडायला सवड मिळाली ती जानेवारीत. अलास्कामधलं काटमाई नॅशनल पार्क. तिथे ब्रुक्स कॅम्प नावाची जागा आहे. रस्ता नाहीच, पाण्यावर उतरणारं विमान नाहीतर बोट. उतरलात की आधी रेंजर तुम्हाला बसवून अस्वलांशी कसं वागायचं याचा क्लास घेतो. निदान 50 यार्ड लांब राहायचं, खायचं काही जवळ ठेवायचं नाही वगैरे. मग चालत धबधब्यापाशी. तिथे ही एवढाली तपकिरी अस्वलं पाण्यात उभी आणि प्रवाहाविरुद्ध उड्या मारणारा सामन मासा थेट त्यांच्या जबड्यात.

हे सगळं मी बघतोय कुठे, तर शीव कोळीवाड्यातल्या आमच्या घराच्या खिडकीत, जिथून समोरच्यांच्या दोरीवरचे टॉवेल सोडून दुसरं काही दिसत नाही. जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू :-)

बायको म्हणाली, "अस्वलं नसतील, पण आपल्याकडे फ्लेमिंगो आहेत की. ऐरोलीहून बोट जाते. तिथेही गाईड असतो."

म्हटलं, चला. फेब्रुवारीतल्या एका शनिवारची, सकाळी आठच्या बोटीची दोन तिकिटं काढली. आणि नेहमीप्रमाणे बायकोच्या ऑफिसात नेमकं त्याच शनिवारी रिलीज निघालं. एक तिकीट उरलं. मी सहज बाबांना विचारलं, "बाबा, येता का?"

"पाखरं बघायला पैसे?"

हे अपेक्षितच होतं. पण मग ते उठले, भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर उभे राहिले आणि पुटपुटले, "शनवारी तेरस. तेरा पाऊणे पावनेदहा. खाडीत वर पानी जरा उशिरा पोचतं... आठची बोट म्हंजे चढतं पानी. बराबर लावलीय त्यांनी. येतो."

मी बघतच राहिलो. तेरा पाऊणे पावणेदहा म्हणजे काय?

तर मंडळी, हे गणित असं आहे. अमावास्या किंवा पौर्णिमा असली की आपल्याकडे साधारण बाराच्या सुमाराला पूर्ण भरती. मग रोज ती पाऊण तासाने, खरं तर थोडी जास्तच, पुढे सरकते. म्हणून तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा, त्रयोदशीला पावणेदहा. ओहोटी त्याच्या सहा तास पुढेमागे. बाबा शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करायचे. पाऊणकी त्यांना जन्मभर पुरली. मी तेच मोबाईलच्या अ‍ॅपवर तपासलं आणि विजयी मुद्रेने सांगितलं की तुमचं उत्तर तीसेक मिनिटांनी चुकतंय.

"मिनटं कशाला पायजेत? पानी काय लोकल हाय?"

गप्प बसलो.

इथे थोडं आमच्याविषयी सांगायला हवं. शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट जिथे संपायचं आणि पलीकडे साष्टी सुरू व्हायची, ती ही जागा. कोळीवाडा म्हटलं की लोकांना तळलेली लालभडक कोलंबी आठवते, आणि गंमत म्हणजे ती डिश कोळ्यांची नाहीच. फाळणीनंतर इथे येऊन राहिलेल्या पंजाबी मंडळींनी ती चालू केली असं सांगतात. स्टेशनचं कोळीवाडा हे नावसुद्धा जाऊन गुरू तेग बहादूर नगर झालं. ऑफिसात कुणी ना कुणी विचारतंच, "कोळीवाड्यात राहतोस? पण तिथे समुद्र कुठाय?" आहे हो, पूर्वेला खाडी आहे. आमच्या आजोबांची त्या खाडीत होडी होती. बाबा बावीस वर्षांचे असताना आजोबांनी ती विकली आणि बाबा गोदीत नोकरीला लागले. आमच्या घरात ही गोष्ट एवढ्याच दोन वाक्यांत सांगितली जाते. तिसरं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. विचारलंही नव्हतं म्हणा.

असो. शनिवारी पहाटे निघालो, मुलुंडवरून ऐरोलीचा पूल ओलांडला. पुलाजवळच वनखात्याचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, 2017 साली सुरू झालेलं. लाईफ जॅकेट चढवली. बाबांना ते जॅकेट घालताना बघून मला उगाच ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी मात्र निमूट बकला लावल्या.

गाईड एक पंचविशीची मुलगी होती, छान बोलणारी. ठाणे खाडीचा हा पट्टा 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये रामसर यादीत गेला, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. वेळेचं गणितही तिने सांगितलं. पूर्ण भरती असेल तर चिखल बुडतो आणि पक्षी उठून जातात, पूर्ण ओहोटी असेल तर बोटच रुतते. मधली वेळ गाठायची. बाबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

दोन्ही बाजूंना तिवरांची हिरवी भिंत. मधून एखादा खंड्या सुळकन जायचा. चिखलाच्या कडेला शेकाटे आपल्या काटकुळ्या पायांवर उभे. मग एका वळणानंतर इंजिनाचा आवाज कमी झाला आणि समोर गुलाबी रेघ दिसली. आधी वाटलं प्लास्टिक असेल काहीतरी (मुंबईकराचा पहिला संशय हाच). जवळ गेलो तर ती रेघ हलत होती.

फ्लेमिंगो. मराठीत रोहित किंवा अग्निपंख. हजारो. सगळ्यांच्या माना खाली, चोच पाण्यात उलटी धरलेली. आत जीभ पंपासारखी चालते, पाणी गाळून बाहेर जातं आणि खाणं आत राहतं. आपल्याकडे जास्त करून असतो तो छोटा रोहित. त्याची चोच गडद, आणि तो मुख्यतः सूक्ष्म शेवाळ खातो. मोठा रोहित उंच, फिकट, गुलाबी चोचीला काळं टोक, तो चिखलातले बारीक जीवही टिपतो. गुलाबी रंग त्या खाण्यातूनच येतो. पिल्लं करडी असतात. वीण कच्छच्या रणात, आणि नोव्हेंबरपासून मेपर्यंत ही मंडळी आपल्या खाडीत. भर हंगामात संख्या लाखाच्या वर जाते.

बोटीत कुणीच बोलत नव्हतं. नुसता कॅमेऱ्यांचा आवाज. मग काय झालं कळलं नाही, एक थवा उठला. बसलेला पक्षी फिकट गुलाबी दिसतो, पण पंख उघडले की आतून लाल आणि काळा. अलास्काची अस्वलं मी त्या क्षणी साफ विसरलो.

बाबा मात्र पाखरांकडे कमी आणि पाण्याकडे जास्त बघत होते. बोट चालवणारा तिकडच्याच कोळीवाड्यातला होता. त्याच्याशी त्यांचं हळू आवाजात चाललं होतं. जिताडा मिळतो का अजून? बोईट? चिंबोऱ्या? तो म्हणत होता, मिळतं कधीमधी, पण जाळ्यात मासळीपेक्षा पिशव्याच जास्त, काका.

परतताना बाबांनी एकदम गाईडला विचारलं, "बाय, एक सांग. आमी ल्हान होतो तवा या खाडीत ही पाखरं नव्हती. बगळे होते, कुरव होते. ही नव्हती. आता कशी आली?"

तिने प्रश्न टोलवला नाही, याचं मला कौतुक वाटलं. ती म्हणाली, "खरंय काका. मोठे थवे दिसायला लागले ते 1990च्या दशकापासून. कारणं बरीच असतील, पण अभ्यासक एक मोठं कारण सांगतात ते सांडपाण्याचं. शहराचा मैला खाडीत येतो, त्यातून शेवाळाला खत मिळतं. शेवाळ वाढलं की ते खाणारे वाढतात."

"आनि मासळी?"

"मासळीला तेच पाणी मानवत नाही."

बाबा "हां" म्हणाले. पुढे धक्का येईपर्यंत काही बोलले नाहीत.

संध्याकाळी घरी आल्यावर मी त्रेसष्टला टक्कर म्हणून सत्तर फोटो सिएटलला पाठवून दिले. पण डोक्यातून ते "मासळीला तेच पाणी मानवत नाही" जाईना. ब्रुक्सला अस्वलं का जमतात? मासा आहे म्हणून. तो सामन ज्या ब्रिस्टल बेमधून वर चढतो, तिथे जगातली सॉकाय सामनची सर्वांत मोठी मासेमारी चालते. म्हणजे माणसं पकडतात आणि तरी अस्वलांना पुरतं. आमच्याकडे उलटं. मासा गेला आणि मग पाखरं आली. मी ज्याचे फोटो काढले आणि आजोबांनी ज्यामुळे होडी विकली, ते पाणी एकच. आणि त्या पाण्यात आमच्या बिल्डिंगची मोरी आणि संडासही आलेच की. कुणा दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय नाही.

रविवारी दुपारी बाबा चपला घालून दारात उभे. "चल. शिवडीला. आज चौदस, साडेदहाला भरती झाली, साडेचारला सुकती. पाचला पानी चढाया लागंल, पाखरं आपल्याकडं सरकतील. तिथं तिकीट नाय."

जीटीबी नगरहून हार्बर लाईनने वडाळा आणि पुढचं शिवडी. तिथून पूर्वेला चालत, ट्रकच्या धुळीतून, गोदामांच्या मधून धक्क्यावर. डोक्यावर अटल सेतू. जानेवारी 2024 मध्ये सुरू झालेला हा 21.8 किलोमीटरचा पूल इथूनच, या चिखलावरूनच निघतो. पलीकडे माहूलच्या चिमण्या. वास कसा होता ते लिहीत नाही, तुम्ही कदाचित जेवायला बसला असाल.

काल गाईड होती, आज बाबा. कालच्यासारखे आकडे नव्हते. "तो बघ निवटी." मला चिखलच दिसला. मग चिखलातून एक बोटभर मासा चक्क उडी मारून पुढे गेला. "त्येचं कालवन तुझी आजी करायची." मग हात लांब करून, "तिथं, त्या खांबाच्या अलीकडं, आमची होडी लागायची. मी चिखलात उतरून ढकलायचो. मांडीपर्यंत पाय जायचा. आता उतरशील तर खाजवून मरशील." पुढे म्हणाले, "बाबानं होडी विकली त्या दिवशी तो जेवला नाय. पन रडला बिडला नाय. म्हनाला, दोन वरसं जाळ्याला राकेलचा वास येतोय, गिऱ्हाईक मासळी हुंगून परत करतंय."

हे तिसरं वाक्य. चाळीसेक वर्षांचा होत आलो, तेव्हा ऐकलं.

पाच वाजून गेले आणि खरंच पाखरं सरकायला लागली. पाणी जसं चढत होतं तशी ती गुलाबी कड इंचाइंचाने आमच्याकडे येत होती. इतकी जवळ, की चोचींची चिखलातली बुडबुड ऐकू यावी. मी फोटो काढत होतो. बाबा म्हणाले, "काढ, काढ. चांगली हायेत पाखरं, त्यांचा काय दोष. आमच्या होडीचा मातर एक पन फोटो नाय."

याला काय उत्तर देणार? मी कॅमेरा फिरवला आणि खांबाच्या अलीकडचा रिकामा चिखल आणि त्याच्याकडे बघणारे बाबा असा एक फोटो काढला. तो सिएटलला पाठवला नाही.

मला यातून फार शहाणपण आलं असं नाही. खाडी साफ झाली तर रोहित जातील का? बहुतेक एवढे राहणार नाहीत. मग खाडी अशीच राहू द्यायची का? तेही पटत नाही. अस्वलं बघायला गेलो असतो तर हे प्रश्न पडले नसते, कारण तिथला धबधबा माझ्या आजोबांचा नव्हता.

जाणाऱ्यांसाठी: ऐरोलीची बोट आधी बुक करा, वेळ भरतीप्रमाणे बदलते. शिवडीला पूर्ण भरतीच्या आधी किंवा नंतर दोनतीन तास हे गणित ठेवा. टोपी, पाणी आणि दुर्बीण घ्या. ड्रोन नको आणि आरडाओरडा नको, ती तिथे जेवायला आलेली असतात. आणि घरात कुणी वयस्कर असेल तर त्यांना न्याच.

परवा बघितलं तर कालनिर्णयच्या एप्रिलच्या पानावर पेन्सिलीने एका रविवारला गोल केलेला. बाबांना विचारलं, "किती वाजता निघायचं?"

पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तिथी लिवलीय ना खाली? कर पाऊणकी."