बारामती–व्हेनिस, मार्गे पोंतेदेरा

मित्रांबरोबर लांबच्या प्रवासाला जाऊ नये, असे अनुभवी माणसे सांगतात. बायकोबरोबर गेलात तर भांडण एकाच व्यक्तीशी होते. मित्रांबरोबर गेलात तर ते आळीपाळीने सगळ्यांशी करावे लागते. शिवाय बायको आपल्या घोरण्याला सरावलेली असते. मित्र पहिल्याच रात्री उशी फेकून मारतो. हे सगळे ठाऊक असूनही आम्ही पाच जणांनी साठी उलटल्यावर इटलीला जायचे ठरवले.

"इटलीच का?" असे बारामतीत ज्याने त्याने विचारले. आमचे उत्तर तयार होते. अहो, आमच्या एमआयडीसीत एक इटालियन कंपनी तीनचाकी रिक्षा बनवते आणि दुसरी चॉकलेटे. इटली इतक्या लांबून आमच्याकडे येऊन राहिली आहे. परतभेटीला कोणीतरी जायला नको का? जनरीत म्हणून काही आहे की नाही?

आता मंडळींची ओळख करून देतो. तात्या हा बागायतदार. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आणि तात्याचे बोलणे ह्यांत फरक एवढाच, की कालव्याचे आवर्तन मधूनमधून बंद असते. फोरमन हा त्या तीनचाकीच्याच कारखान्यातून निवृत्त झालेला. त्याचे दोन्ही गुडघेही निवृत्त झाले आहेत, पण त्यांचे पेन्शन डॉक्टर घेतो. मास्तरांनी आयुष्यभर इतिहास शिकवला. ते आमच्याच वर्गातले, पण लहानपणापासून असे वागले की त्यांना एकेरी हाक मारायची कोणाची छाती झाली नाही. चौथा आबा, मूळचा इंदापूर तालुक्यातला, पळसदेवच्या बाजूचा. उजनी धरणात गाव जायच्या सुमारास तो मामाकडे बारामतीला शिकायला आला आणि नववीत आमच्या बाकावर बसला. तेव्हापासून तो कमी बोलतो. पाचवा मी, निवृत्त कॅशियर. अर्थातच प्रवासाचा हिशेब माझ्याकडे.

प्रवासी कंपन्यांकडे आम्ही चौकशी केली होती. एकीने आठ दिवसांत सहा देश दाखवतो म्हणून सांगितले. मास्तर म्हणाले, "एवढ्या वेगानं तर नेपोलियनही फिरला नव्हता." शेवटी फोरमनच्या पुतण्याने मोबाईलवरच खोल्या आणि रेल्वेची तिकिटे काढून दिली. आमच्या सौभाग्यवतींनी परवानगी इतक्या तत्परतेने दिली की आम्हालाच थोडा अपमान वाटला.

रोममध्ये पाहण्यासारखे पुष्कळ आहे. इ.स. ८० मध्ये खुले झालेले कलोसियम आहे, व्हॅटिकन आहे. तात्याने रोममध्ये पाहिला तो नळ. तिथे रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत, अडीच हजारांच्या आसपास. १८७४ पासून ते बसवायला सुरुवात झाली. त्यांची वाकडी तोंडे पाहून लोक त्यांना 'नासोनी' म्हणतात, म्हणजे नाकाडे. त्या नाकातून पिण्याचे गार पाणी अष्टौप्रहर वाहत असते. तात्याने नळाला तीन प्रदक्षिणा घातल्या.

"ह्येला तोटी कुठाय?"

"तोटी नसते. सतत चालू असतो," मास्तर म्हणाले.

"म्हंजी बंदच करत न्हाईत? रातच्यालाबी?" तात्याचा चेहरा असा झाला, की जणू कोणी त्याच्या देखत तूप गटारात ओतत होते. "आमच्या जिरायत पट्ट्यातली मानसं हितं आणून उभी करा रं. ढसाढसा रडतील."

मग एका पोराने त्याला नळाचे नाक बोटाने दाबून दाखवले. तसे केले की पाणी नाकाच्या वरच्या भोकातून कारंज्यासारखे उडते आणि तोंड न वाकवता पिता येते. तात्याने पुढचे तीन दिवस दिसेल त्या नळाचे नाक दाबले. त्रेवीच्या प्रसिद्ध कारंज्यापाशी लोक पाठमोरे उभे राहून नाणी टाकत होते. नाणे टाकले की माणूस पुन्हा रोमला येतो म्हणे. ती नाणी पुढे गोळा करून गरिबांच्या मदतीला दिली जातात. तात्याला नाण्यांत रस नव्हता. हे पाणी इ.स.पूर्व १९ मध्ये आग्रिप्पाने बांधलेल्या पाटाच्या वाटेने येते, हे मास्तरांकडून कळल्यावर त्याने कारंज्याला हात जोडले. "दोन हजार वर्सं चारी फुटली न्हाई! पाटकरी कोन हुता ह्यांचा?"

मी रोममध्ये काय पाहिले? मी बिले पाहिली. इटलीत कॉफी उभ्याने प्यायली तर एक भाव आणि खुर्चीत बसून प्यायली तर दुसरा, चांगलाच चढा. काही ठिकाणी तर जेवणाच्या बिलात नुसते टेबलाशी बसल्याचे वेगळे पैसे लावतात. फोरमनला उभे राहवत नसे. त्यामुळे माझ्या वहीत 'कॉफी' आणि 'फोरमनचे गुडघे' अशी दोन स्वतंत्र खाती उघडावी लागली.

रोमहून आम्ही पिसाला गेलो. कलता मनोरा पाहिला. ११७३ साली बांधायला घेतला आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचेस्तोवर कलला. १९९० पासून अकरा वर्षे लोकांना बंद ठेवून, खालची माती काढून त्याला थोडा सरळ केला, पण पूर्ण सरळ केला नाही. फोरमन म्हणाला, "शहाणी माणसं. डिफेक्ट हाच माल आहे, तो दुरुस्त कशाला करतील?" पण त्याचे लक्ष मनोऱ्यात नव्हते. पिसाहून रेल्वेने वीसेक मिनिटांवर पोंतेदेरा नावाचे गाव आहे. जगातले प्रवासी पिसाहून फ्लॉरेन्सला जाताना ते खिडकीतून मागे टाकतात. आमच्यासाठी ते पंढरपूर होते. फोरमनच्या कंपनीचे ते मूळपीठ.

तिथल्या संग्रहालयात फोरमन आमच्या पुढे चालत होता. होय, तोच गुडघेवाला. त्याने आम्हाला सगळे समजावून सांगितले. ही कंपनी पूर्वी विमाने बनवायची. युद्धात कारखान्यावर बॉम्ब पडले. मग १९४६ साली कोर्रादिनो दास्कानियो नावाच्या विमानांच्या इंजिनिअरने ही स्कूटर काढली. त्याला मोटारसायकल मुळीच आवडत नसे, म्हणून त्याने इंजिन झाकले आणि पाय ठेवायला समोर जागा केली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. हीच व्हेस्पा १९६०च्या दशकात बजाजने परवाना घेऊन आपल्याकडे बनवली आणि नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहत मध्यमवर्ग म्हातारा झाला. पुढे १९४८ साली तिला मागे आणखी एक चाक आणि हौदा जोडून मालवाहू तीनचाकी केली, तिचे नाव आपे. आपे म्हणजे मधमाशी.

"आप्पे?" तात्याने विचारले. "चटणी न्हाई व्हय बरोबर?"

फोरमन हसला नाही. तो एका जुन्या तीनचाकीपाशी उभा होता. मग त्याने हळूहळू, एकेक सांधा मोडत, खाली वाकून तिच्या पोटाखाली पाहिले. रखवालदार धावत आला. फोरमनने एक बोट स्वतःच्या छातीवर ठेवले, दुसरे गाडीवर, आणि म्हणाला, "बारामती."

रखवालदाराचा चेहरा उजळला. "बारामाती!" तो म्हणाला. त्याने हात पुढे केला. रोममध्ये आम्ही नुसते 'इंडिया' होतो. अख्ख्या इटलीत आम्हाला आमच्या गावच्या नावाने ओळखणारा हाच एक माणूस. बाहेर आल्यावर फोरमनने उभ्याने कॉफी प्यायली. ती नोंद वहीत लाल शाईने केली आहे.

फ्लॉरेन्समध्ये मास्तरांचा दिवस होता. तिथला मोठा घुमट ब्रुनेलेस्कीने बांधला, १४३६ साली पुरा झाला, वर जायला ४६३ पायऱ्या. फोरमनकडे पाहून आम्ही तो खालून पाहिला. पण मास्तर आम्हाला घेऊन गेले गावाच्या टोकाला, काशीने नावाच्या बागेच्या पार शेवटाला, जिथे मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते. तिथे छत्रीखाली एका हिंदुस्थानी तरुणाचा अर्धपुतळा आहे. फेटा, दागिने, कोवळा चेहरा.

"कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज," मास्तर म्हणाले. "शाहू महाराजांच्या आधीच्या काळातले. १८७० साली विलायतेला गेले होते, परत येताना इथं आजारी पडले. ३० नोव्हेंबरला गेले. वय वीस."

दहनाची रीत नसलेल्या ह्या शहरात परवानगी मिळवून नदीच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. त्यांची प्रवासातली डायरी कॅप्टन वेस्ट ह्यांनी १८७२ मध्ये प्रसिद्ध केली. १८७४ मध्ये हे स्मारक झाले, आणि शंभरावर वर्षांनी, १९७८ मध्ये, शेजारी पूल झाला त्याचेही नाव 'हिंदी माणसाचा पूल' असेच पडले. तात्या दोन्ही पाण्यांकडे बघत म्हणाला, "आपल्या सोनगावागत हाय. कऱ्हा आन् नीरा." मास्तरांनी मान डोलावली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"लवाजमा होता बरोबर," ते म्हणाले. "पण लवाजमा म्हणजे काही मित्र नव्हेत."

बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग तात्याने मास्तरांना विचारले, "कॉफी घ्यायची का? बसून?" हा खर्च मी विनातक्रार मांडला.

व्हेनिसच्या गाडीत आबा नातवंडांसाठी घेतलेली चॉकलेटे बॅगेत लावत होता. त्यात प्लास्टिकच्या अंड्यातले ते किंडर जॉयही होते. फोरमन ते उलटेसुलटे करून म्हणाला, "आबा, लेका, हे आपल्या एमआयडीसीत बनतं की! तू बारामतीचा माल इटलीतनं बारामतीला नेतोयस." आबा शांतपणे म्हणाला, "असू दे. माहेरचं हाय." आठवड्यातले त्याचे हे सर्वांत लांब भाषण.

व्हेनिसमध्ये पाऊल ठेवताच फोरमन उदास झाला. ह्या गावात चाकच नाही! रिक्षा नाही, सायकल नाही. शंभरावर बेटे, चारशेच्या घरात पूल, आणि प्रत्येक पुलाला पायऱ्या. शिवाय २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवसांत नुसते फिरायला येणाऱ्याकडून हे गाव प्रवेशाचे पैसेही घेते. आपल्याकडची जकात उठली, ती इथे येऊन बसली म्हणायची. आम्ही मुक्कामाला असल्यामुळे वाचलो.

संध्याकाळी चौकात मास्तर समुद्राची भरती, बुडणारे शहर वगैरे सांगत होते. आता भरतीचे पाणी अडवायला समुद्रात ७८ दरवाजे बसवले आहेत, २०२० मध्ये ते पहिल्यांदा उचलले आणि चौक कोरडा राहिला, असे त्यांनी सांगितले.

"गाव वाचवायला दरवाजं," आबा म्हणाला. "आमच्याकडं गाव बुडवायला बसिवलं."

तो रागाने बोलला नव्हता. उजनीच्या त्याच फुगवट्यातून पाणी उचलून आज त्याच्या नव्या रानातला ऊस उभा आहे, हे त्यालाही ठाऊक आहे. पण तात्याचे आवर्तन एकदम बंद पडले. आयुष्यभर कालव्याकाठी बसलेल्या माणसाला ह्यावर बोलण्यासारखे काही सापडेना. थोड्या वेळाने तो उठला आणि गोंडोलावाल्याशी बोटांच्या भाषेत बोलू लागला.

दर सरकारी ठरलेला होता. अर्ध्या तासाला ९० युरो, जास्तीत जास्त पाच माणसे. मी वही काढून बजेटकडे बोट दाखवले. तात्याने वही मिटली आणि माझ्या खिशात घातली.

आम्ही पाच जण त्या काळ्या होडीत बसलो. आबा वल्हवणाऱ्याकडे तोंड करून बसला होता. दोनतीन वळणे गेल्यावर तो म्हणाला, "होडी वाकडी हाय बघा. डावी बाजू जास्त फुगीर. ह्यो एकाच बाजूनं वल्हवतोय, म्हनून." मास्तरांनी सांगितले, की खरेच गोंडोला मुद्दाम तशी बांधतात. आमच्या कोणाच्या नजरेला ते आले नव्हते.

मग पाण्याकडे बघत तो म्हणाला, "धरन भरल्यावर वडील मला होडीतनं घिऊन गेलते. मधी थांबले आन् म्हनले, खाली बघ, आता आपन आपल्या घराच्या वर हाय. म्या लई बघितलं. काय दिसलं न्हाई. गढूळ हुतं."

पन्नास वर्षे होत आली एका बाकावर बसल्याला. हे त्याने कधी सांगितले नव्हते आणि आम्ही कधी विचारले नव्हते. गावाचे विचारले की तो 'गेलं धरणात' म्हणे, आणि आम्ही पुढच्या विषयाला लागत असू.

"उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवाचं देऊळ उघडं पडतं," तात्या म्हणाला. "औंदा जाऊ सगळे. घराची जागा दाखव."

"चिखल असतो," आबा म्हणाला.

"असू दे की."

"गुडघ्याएवढा," आबा म्हणाला आणि सगळ्यांनी फोरमनकडे पाहिले. फोरमन म्हणाला, "गुडघ्याएवढाच ना? मग ते दिसणार नाहीत. येतो."

लोक म्हणतात, जग पाहायला परदेशी जावे. आम्ही पाच जण इटलीत गेलो आणि ज्याने त्याने आपापली बारामती पाहून घेतली. एकाने पाट पाहिला, एकाने कारखाना, एकाने धडा. एकट्याने गेलो असतो तर मी माझी बिले पाहून परतलो असतो. मित्र बरोबर होते म्हणून पाच गावे पाहिली. त्यातले एक पाण्याखालचे.

परत आल्यावर तात्याच्या ओसरीवर हिशेबाची बैठक झाली. वाद पुष्कळ झाले. फोरमनच्या गुडघ्यांचे खाते सर्वांनी समान वाटून घ्यावे की नाही, ह्यावर दोन चहा झाले. गोंडोलाचे ९० युरो कोणत्या खाती टाकायचे हा शेवटचा प्रश्न. तात्या म्हणे माझ्या नावावर टाक, आबा म्हणे माझ्या. चाळीस वर्षांच्या नोकरीत माझ्या वहीत विनाखाते रक्कम कधी राहिलेली नाही. मी लिहिले, 'आबाच्या घरी जाण्याचा खर्च, पहिला हप्ता.'

मास्तरांनी वही तपासून सही केली. उजनीची पातळी आता रोज पेपरात पाहतो आहोत.