तिथीची पाऊणकी

सातवीच्या वर्गात भरती-ओहोटी शिकवत होते. खिडकीबाहेर माडांपलीकडे मुरुडचा समुद्र, त्यात पद्मदुर्ग, आणि नगरकडच्या दुष्काळी गावात वाढलेली मी कोळ्यांच्या मुलांना समुद्र समजावून सांगत होते. “दर बारा तासांनी भरती येते,” मी म्हणाले. एकदऱ्याची एक मुलगी उभी राहिली. “बाई, तसं धरून गेलं तर होडी गाळात रुतंल.” वर्ग हसला. ते हसू मला झोंबलं. “पुस्तक तू लिहिलंयस का?” मी तिला विचारलं. वर्ग पुन्हा हसला, या वेळी तिला. ती खाली बसली आणि तास संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.

तास संपल्यावर पुस्तक उघडलं. तिचंच म्हणणं त्यात छापलेलं होतं. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं लागतात, म्हणून रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा पन्नासेक मिनिटं उशिरा येते.

मी ख्रिस्ती घरातली. उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये योहानाच्या शुभवर्तमानातला एक प्रसंग दरवर्षी वाचला जायचा. शेवटच्या भोजनावरून येशू उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. लहानपणी मला तो स्वच्छतेचा धडा वाटायचा. हाती खडू आल्यावर त्यातलं दुसरं काही दिसू लागलं. ते सगळे त्याला गुरू म्हणत होते आणि तो गुरू जमिनीवर, त्यांच्या पायांशी बसला होता. भरतीचा तो तास झाला त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या हातून चूक झाली, याचं फार वाईट वाटत नव्हतं. आपली चूक झाकायला मी एका लेकराचा अपमान वापरला, हे सलत होतं.

दुसऱ्या दिवशी हजेरीआधीच तिच्या बाकापाशी गेले. अपमान सगळ्यांसमोर केला होता, तेव्हा माफीही सगळ्यांसमोरच मागायला हवी होती. “काल तू बरोबर होतीस. मी चुकले, आणि वर तुला बोलले. मला माफ कर.” वर्गात चिडीचूप शांतता पसरली. मग मी तिच्या हाती खडू दिला.

तिने फळ्यावर तिथी लिहिल्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यांत कमी. भरतीची वेळ काढायची तिच्या बाबांची रीत म्हणजे तिथीची पाऊणकी. आज अष्टमी, तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पाणी साधारण सहाला भरणार. चतुर्थीला तीनच्या सुमारास. दर तिथीला पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, पुस्तकातल्या पन्नासच्या अगदी जवळ. पाठ्यपुस्तक आणि नाखव्याचा हिशेब एका फळ्यावर शेजारी शेजारी उभे राहिले. मी मागच्या बाकावर बसून ते वहीत उतरवून घेतलं.

माझ्या वर्गात कोळ्यांची मुलं आहेत, आगऱ्यांची आहेत, मुसलमान घरांतली आहेत. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, हे संविधानाचं अठ्ठाविसावं कलम सांगतं, आणि ते मला मनापासून पटतं. येशूचं नाव मी वर्गात घेत नाही. मग माझ्या हाती वागणं तेवढं उरतं. वही तपासताना मी मुलाच्या डोक्यावर उभी राहत नाही, बाकाशेजारी उकिडवी बसते. लाल पेन आधी बरोबर आलेल्या ओळीवर फिरतं. “इथपर्यंत बरोबर आहे, आता पुढचं बघू,” एवढं म्हणून मी थांबते. अडखळत वाचणाऱ्याचं वाक्य मी पूर्ण करत नाही. हे थांबणं सगळ्यांत अवघड जातं, कारण घंटा वाजायची असते आणि अभ्यासक्रम उरलेला असतो. दमलेली असेन त्या दिवशी आवाज अजूनही चढतो. चढला की त्याच तासाला, त्याच वर्गासमोर तो मागे घेते.

या किनाऱ्यावर ख्रिस्ती माणसांनी शाळेत जीव ओतल्याला दोनशे वर्षं उलटून गेली. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी पुढे कोकणातही शाळा काढल्या. त्यांत बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातले, मास्तर शिकवत. स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सन यांनी याच समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं, ते १८३२ साली. हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवायचं कारण नाही. बेने इस्रायल बहुतांशी आपल्याच धर्मात राहिले, आणि त्या व्याकरणाच्या आधाराने आपला धर्मग्रंथ त्याच्या मूळ भाषेत वाचायला शिकले. देणाऱ्याच्या अपेक्षेबाहेर जाऊन जे दान घेणाऱ्याचंच होतं, त्याला मी दया म्हणते.

पावसाळ्यात एकदा मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून जात होते. पाचवीतला एक मुलगा पायरीवर भागाकार घेऊन रडकुंडीला आला होता. त्याच्यापाशी एकदऱ्याची तीच मुलगी उकिडवी बसली होती. तिचं बोट वहीतल्या दुसऱ्या ओळीवर होतं. “इथवर बराबर हाय,” ती म्हणाली, “आता पुढचं बघू.” आणि मग ती गप्प राहिली, त्याला सुचेपर्यंत.