डोळ्याच्या तारखेला मुदतवाढ नसते



कोरोनाच्या आठवणी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी लिहिल्या. कुणी ऑक्सिजनच्या रांगेबद्दल लिहिलं, कुणी मुंबईहून चालत गावी आलेल्या पोरांबद्दल. डोळ्यांबद्दल मात्र कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही. म्हणून हा प्रपंच.

मी बेळगुंदीचा. बेळगावात बी.कॉम. केलं, राष्ट्रीयीकृत बँकेत लागलो, निम्मी नोकरी कर्ज विभागात गेली. आता पंचाहत्तरीला आलोय. मी डॉक्टर नव्हे. जे पाहिलं, नंतर वाचलं आणि जाणकारांना विचारून घेतलं, तेवढंच सांगतो.

आमच्या लहानपणी डोळ्याचं दुखणं म्हणजे मोतीबिंदू. म्हातारपणी पांढरा पडदा यायचा, माणूस ओट्यावर बसून राहायचा. मग शिबिर लागायचं. बिळगीचे डॉ. एम. सी. मोदी हे नाव आपल्या उत्तर कर्नाटकात घराघरांत माहीत होतं. एका दिवसात ८३३ मोतीबिंदू काढल्याची नोंद त्यांच्या नावावर आहे, १९६८ मध्ये पद्मभूषण मिळालं. माझ्या आजीचं ऑपरेशन त्यांच्याच शिबिरात झालं. तेव्हा डोळ्यात भिंग बसवत नसत. आजी पुढं बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावून जोंधळे निवडायची. मोतीबिंदूचं एक बरं असतं, तो थांबतो. यंदा नाही जमलं तर सुगी झाल्यावर करू, असं म्हणता येतं. सहसा नजर कायमची जात नाही, पडदा दूर केला की परत येते.

पण आता आपल्या घराघरांत साखर आलीय. २०२३ साली आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचं दिसलं. साखरेनं डोळ्याच्या मागचा पडदा बिघडतो. बारीक रक्तवाहिन्या पाझरतात आणि मधोमध सूज येते. दुखत नाही, खुपत नाही, डोळा लालही होत नाही. हे दुखणं मोतीबिंदूसारखं थांबत नाही, आणि गेलेली नजर सगळी परत मिळेल याचा भरवसा नाही.

हे मला कळलं ते माझ्या आक्कामुळं.

आक्काचं सासर चंदगड तालुक्यात, राकसकोप धरणाच्या पलीकडं. मधे राज्याची हद्द आहे. पण भात तेच, रताळी तीच, बोली तीच. तिकडच्या माणसांना दवाखाना म्हणजे बेळगावच. कोल्हापूर जिल्ह्याचं ठिकाण खरं, पण शंभर किलोमीटरच्या वर. आक्का तेव्हा पंच्याहत्तरची. २०१९ च्या दिवाळीनंतर तिला समोरच्या माणसाचं तोंड पुसट दिसायला लागलं. बेळगावच्या डॉक्टरांनी पडद्याचा फोटो काढला आणि सांगितलं, उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आहे, दर महिन्याला एक अशी सुरुवातीला इंजेक्शनं द्यावी लागतील.

"डोळ्यात सुई मारतात व्हय रे?" आक्का म्हणाली. "त्यापेक्षा आंधळी बरी की!"

कशीबशी समजूत घातली. पहिलं इंजेक्शन जानेवारीच्या शेवटी झालं. थेंब टाकून डोळा बधिर करतात, पाच मिनिटांचं काम. बाहेर आल्यावर म्हणाली, "एवढंच?"

या इंजेक्शनाची गोष्ट मला फार आवडली, म्हणून सांगतो. बेव्हॅसिझुमॅब हे मुळात आतड्याच्या कॅन्सरचं औषध. गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या ते रोखतं. २००५ साली मायामीच्या डॉ. फिलिप रोझेनफेल्ड यांनी त्याची चिमूटभर मात्रा डोळ्यात देऊन पाहिली आणि पडद्याची सूज उतरली. खास डोळ्यासाठी काढलेलं औषध कितीतरी पटीनं महाग होतं. पुढं २०११ साली अमेरिकेत, वयोमानानं होणाऱ्या पडद्याच्या आजारात, दोन्हींची समोरासमोर तुलना झाली. नजरेचा फायदा जवळजवळ सारखाच निघाला. आपल्यासारख्यांच्या घरात हे इंजेक्शन परवडतं ते अशा संशोधनामुळं. पण अट एकच, तारीख पाळायची. औषधाचा जोर काही आठवड्यांत ओसरतो.

दुसरं इंजेक्शन फेब्रुवारीच्या शेवटी झालं. तिसऱ्याची तारीख पडली मार्चच्या शेवटच्या आठवड्यात.

२४ मार्च २०२० च्या रात्री देश बंद झाला. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेनं कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची सवलत दिली, पुढं ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. माझा जन्म वसुलीत गेलेला. नव्वद दिवस हप्ता थकला की खातं अनुत्पादित, हे आमच्या रक्तात भिनलेलं. त्या नियमालाही रिझर्व्ह बँकेनं थोपवून धरलं, आणि ते योग्यच केलं. पण आक्काच्या डोळ्यातल्या सुजेला कुठल्या बँकेनं सवलत द्यायची?

दवाखाने का बंद होते, तेही समजून घेतलं पाहिजे. डोळ्याचा डॉक्टर यंत्रावर तपासतो तेव्हा त्याचं आणि पेशंटचं तोंड वीतभर अंतरावर असतं. या साथीचा इशारा देणारे वुहानचे डॉ. ली वेनलियांग हे डोळ्यांचेच डॉक्टर. ३० डिसेंबर २०१९ ला त्यांनी सोबतच्या डॉक्टरांना सावध केलं, तर पोलिसांनी त्यांनाच समज दिली. पुढं काचबिंदूच्या एका पेशंटकडून त्यांना लागण झाली असं मानतात. ७ फेब्रुवारी २०२० ला ते गेले. माणूस अजून तिशीतला होता. अशा वेळी आपल्याकडच्या डॉक्टरांनी दार लावून घेतलं तर त्यांना नावं कशी ठेवायची?

मुंबईचे डॉ. अक्षय नायर आणि सहकाऱ्यांनी त्याच दिवसांत देशभरातल्या नेत्रतज्ज्ञांना प्रश्नावली पाठवली होती. १२६० जणांनी उत्तरं दिली. त्यातले ७२.५ टक्के पेशंट अजिबात बघत नव्हते. जे बघत होते त्यातले बहुतेक फक्त तातडीचे. पण ७७.५ टक्के लोकांनी फोनवरून सल्ला द्यायला सुरुवात केली होती. सरकारनंही २५ मार्चलाच टेलिमेडिसिनचे नियम काढले होते.

आमच्या डॉक्टरांनीही फोन उचलला, हे त्यांचे उपकार. त्यांनी एक सोपी युक्ती सांगितली. भिंतीवरचं तारखांचं कॅलेंडर समोर धरायचं, चष्मा लावून, एक डोळा झाकून मधल्या चौकटीकडं बघायचं. रेघा सरळ दिसल्या तर बरं. वाकड्या दिसल्या, मधला भाग पुसला गेला, तर कळवायचं. भाचा रोज सकाळी आक्काला कॅलेंडरसमोर बसवायचा आणि मला फोन लावून द्यायचा.

एप्रिलच्या मध्यापर्यंत ठीक होतं. मग एक दिवस आक्का म्हणाली, "एकादशीची चौकट खळग्यात गेलीय बघ." पुढच्या आठवड्यात त्या खळग्यात आणखी दोन तारखा गेल्या.

डॉक्टर म्हणाले, आणा, मी दवाखाना उघडतो. पण आणायचं कसं? आक्काच्या घरापासून बेळगुंदी सात-आठ किलोमीटर. एरवी भाचा दुधाला जाऊन यावं तसा येऊन जायचा. आता मधे नाका. पास मागितला तर विचारणा झाली, अपघात आहे का? डोळा फुटलाय का? नाही. दुखतोय का? नाही. मग तातडी कसली? त्या पोराला तरी काय दोष द्यायचा! त्याच्यापुढच्या कागदावर अपघात होता, बाळंतपण होतं, मयत होतं. 'इंजेक्शनाची तारीख' असा रकानाच नव्हता. मे महिन्यात सेवासिंधूवर अर्ज भरून झाला, तोवर कर्नाटकानं महाराष्ट्रातून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत बंदी घातली. त्यानंतर परवानगी मिळायची, पण सात दिवस संस्थात्मक विलगीकरण. पंच्याहत्तर वर्षांच्या साखरेच्या बाईला कुठल्या तरी हॉस्टेलात सात दिवस ठेवायचं म्हणजे कोरोनाच्या तोंडी देणं.

शेवटी जूनमध्ये भाच्यानं गडहिंग्लजवरून तिला कोल्हापूरला नेलं. तिथं इंजेक्शन मिळालं, सूज उतरली. पण मधल्या अडीच महिन्यांत पडद्याच्या मध्यभागाचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. उजव्या डोळ्यानं तिला कडेचं दिसतं, समोरचं नाही. दार दिसतं, दारात कोण उभं आहे ते दिसत नाही. डाव्यातही सुरुवात झाली होती, ती वेळेत सापडली म्हणून तो वाचला.

मी पुष्कळ दिवस विचार केला, की चूक कुणाची? डॉक्टरची नाही, नाक्यावरच्या पोराची नाही, साथ रोखणाऱ्या सरकारचीही म्हणवत नाही. चूक आपल्या एका समजुतीची आहे. जे दुखतं ते तातडीचं, जे दुखत नाही ते थांबेल. बँकेत आम्ही असं मानलं असतं तर एकही कर्ज वसूल झालं नसतं. बुडणारं खातं कधी आरडाओरडा करत नाही, गप्प राहतं. म्हणून तर देय तारखांचं रजिस्टर ठेवायचं.

तेच आम्ही गावात केलं. एक निवृत्त गुरुजी, आमच्या आशाताई आणि मी. एक जाड वही घेतली. साखरेच्या माणसांची नावं, मागची साखर कधी तपासली, बाहुली मोठी करून पडदा कधी तपासला, पुढची तारीख. चाळीसेक नावं झाली. निम्म्या लोकांच्या तिसऱ्या रकान्यात काहीच लिहिता आलं नाही, कारण पडदा कधी तपासलाच नव्हता. ऑगस्टच्या शेवटी राज्यांमधली बंधनं उठली, तसं दोघा-तिघांच्या तुकड्या करून लोकांना शहरात पाठवायला लागलो.

ही वही खरी कामाला आली ती दुसऱ्या लाटेत.

२०२१ चा मे महिना आठवा. कोरोनातून बरी होऊन घरी आलेली माणसं आठ-दहा दिवसांत डोळा सुजून परत दवाखान्यात जायला लागली. म्युकरमायकोसिस, लोकांच्या तोंडी काळी बुरशी. केंद्रानं २० मेला सगळ्या राज्यांना तो आजार अधिसूचित करायला सांगितलं. ही बुरशी परदेशातून आली नव्हती. आपल्या मातीत, शेणखतात, कुजक्या पाल्यात ती कायम असते. धडधाकट माणसाला काही करत नाही. पण कोरोनासाठी दिलेलं स्टेरॉईड आणि वर चढलेली साखर एकत्र आली, की तिला मोकळं रान मिळतं. नाकातून शिरते, गालफडाच्या हाडातल्या पोकळीत, तिथून डोळ्याच्या खोबणीत आणि पुढं मेंदूकडं. रक्तवाहिन्या बंद पाडते, त्यामुळं मांस मरून काळं पडतं. माणसाकडून माणसाला ती लागत नाही.

डॉ. मृत्तिका सेन, हैदराबादचे डॉ. संतोष होनावर आणि देशभरच्या नेत्रतज्ज्ञांनी मिळून २८२६ रुग्णांची माहिती गोळा केली आणि त्याच वर्षी 'इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी'त छापली. त्यात ७८ टक्के मधुमेही होते, ८७ टक्क्यांना स्टेरॉईड दिलेलं होतं. कित्येकांचा डोळा काढावा लागला, शंभरातले १४ दगावले. ऐन साथीत, स्वतः मास्कात घुसमटत पेशंट बघत असताना या लोकांनी नोंदी ठेवल्या, हे मला फार मोठं वाटतं. नोंद ठेवणाऱ्याची किंमत माझ्यासारख्या कारकुनी जिवाला जास्त कळते.

आम्ही वहीतल्या कोरोना होऊन गेलेल्या प्रत्येकाला एक दिवसाआड फोन करायचो. प्रश्न ठरलेले. आज साखर किती? एका बाजूचा गाल दुखतो का? नाकातून काळपट येतं का? वरचे दात हलतात का? एकाचे दोन दिसतात का? एक पन्नाशीचा गडी फोनवर म्हणाला, "काका, दाढ दुखतीया, बाकी काही नाही." आशाताईंनी साखर बघितली, चारशेच्या वर. त्याच दुपारी त्याला शहरात हलवलं. गालातली पोकळी साफ केली, अँफोटेरिसिन मिळवताना घरच्यांची दमछाक झाली, पण डोळा राहिला. दुसऱ्या गावचा, त्याच्याच वयाचा एक पाहुणा दाढदुखी समजून आठ दिवस घरी लवंग चावत बसला. जीव वाचला, डोळा गेला. दोघांचा आजार एकच. फरक फक्त आठवड्याचा.

आता थोडं कामाचं. आपल्या घरात साखरेचं माणूस असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. दिसायला चांगलं असलं तरी. नुसता चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे. इंजेक्शन चालू असेल तर पुढची तारीख घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या. काचबिंदूचे थेंब संपायच्या आत दुसरी बाटली आणा. आणि अधूनमधून ते कॅलेंडर एकेका डोळ्यानं बघा. त्याला पैसे पडत नाहीत.

आक्का आता ऐंशीच्या पुढं आहे. डाव्या डोळ्याचं इंजेक्शन अधूनमधून चालू असतं. ती माणसं आवाजावरून ओळखते आणि ओळखली की स्वतःवरच खूश होते. गुरुजी मागच्या वर्षी गेले. वही आता आशाताईंच्या मुलीकडं आहे. तिनं ती मोबाईलवर घेतलीय, तारीख आली की आपोआप घंटा वाजते म्हणे. मी तिला सांगितलं, घंटा वाजू दे, पण फोन तू कर. "काकू, उद्या तुमची तारीख हाय" असं माणसानं सांगितलं की माणूस जातं.

लेख लांबला. आपल्याकडचे अनुभव असतील तर जरूर लिहा.