पालथा रांजण

बेळगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी आजी दर उन्हाळ्यात पाणपोई घालायची. पाडव्याला मांडलेला रांजण मृगाचा पाऊस पडेपर्यंत भरलेला असे. शहापूरचे विणकर यायचे, बाजाराला निघालेल्या बायका यायच्या. कोणी "आजी, पाणी द्या" म्हणे, कोणी "अव्वा, नीर कोडरी".

एका वर्षी आत्याच्या बाळंतपणासाठी तिला ऐन वैशाखात जावे लागले. निघताना तिने रांजण पालथा घातला. मी कारण विचारले. म्हणाली, "अरे, उभा रांजण दिसला की माणूस वाट वाकडी करून येतो. आत पाणी नसलं तर त्याची फसगत. पालथा कसा, लांबूनच कळतो."

मी ते ऐकले आणि विसरलो.

पुढे संगणकाच्या धंद्यात पडलो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली, तरी आपल्याकडचे छापखाने त्यानंतर कित्येक वर्षे जुन्या फॉन्टांतच मराठी लिहीत होते. तो मजकूर नव्या संगणकावर उघडला की नुसती रांगोळी दिसे. २००७ साली मी हा मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक लहानसा प्रोग्राम लिहिला आणि इंटरनेटवर फुकट ठेवला. इंदूर, बडोदे, हैदराबाद, कुठून कुठून पत्रे येऊ लागली. दोन वर्षे मी प्रत्येकाला हौसेने उत्तर दिले. मग नोकरी बदलली, घरात मूल आले, पत्रे साचत गेली.

२०११ साली ग्वाल्हेरहून फोन आला. बोलणारे गृहस्थ सत्तरीचे असावेत. दिवंगत भावाच्या आठवणी त्यांनी माझ्या प्रोग्राममधून काढल्या होत्या आणि शंभर प्रती छापून नातलगांत वाटल्या होत्या. "चंबळच्या दऱ्या होत्या हो, त्यांचा दर्या झाला," ते म्हणाले. "आणि मुंजीच्या पंगतीत वडील आचाऱ्यावर खेकसले होते, ते आता आचार्यांवर खेकसतात." मी हसलो. तेही हसले. मग म्हणाले, "जुना संगणक भंगारात दिला. मूळ प्रत उरली नाही. मला एवढंच सांगा, आणखी काय काय बदललं असेल?"

मला उत्तर देता येईना. हिंदीत हा 'ऱ्य' लागत नाही. मराठीला त्यावाचून चालत नाही. मी स्वतः मराठी, आणि माझ्याच प्रोग्रामात तो हरवत होता. त्याहून वाईट म्हणजे बडोद्याच्या एका बाईंनी हा दोष दीड वर्षापूर्वीच कळवला होता. ते पत्र मी वाचले होते आणि 'सवडीने बघू' म्हणून बाजूला ठेवले होते. फुकट दिलेल्या वस्तूला कोण जाब विचारणार, असे कुठेतरी मनात होते. पण पाणी फुकट होते म्हणून आजी रिकामा रांजण उभा ठेवून गेली नव्हती.

मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरने नावाच्या वादातून रागावून 'लेफ्ट-पॅड' हा आपला ११ ओळींचा प्रोग्राम सार्वजनिक भांडारातून काढून घेतला. त्यावर विसंबलेली हजारो कामे जगभर अडली, तेव्हा मला ग्वाल्हेर आठवले. अर्थात दुसरी बाजूही आहे. 'एक्सझेड' नावाचा प्रोग्राम वर्षानुवर्षे बिनपगारी सांभाळणाऱ्या थकलेल्या माणसामागे तगादा लागला. मदतीला म्हणून आलेल्याने त्यात चोरवाट पेरली, ती मार्च २०२४ मध्ये उघडकीस आली. रांजण भरणाऱ्या माणसाचेही हात दुखतात. पिणाऱ्यांनी कधीतरी एखादी घागर आणावी, निदान ओरडू तरी नये.

त्या पुस्तकाची एक प्रत मागवून मी चार रात्री शब्दन् शब्द तपासला. सत्तेचाळीस जागी खुणा केल्या. तीन शब्दांबाबत मात्र लेखकाला काय म्हणायचे होते ते आता कोणालाच सांगता येणार नाही. प्रोग्राम दुरुस्त केला, आणि बडोद्याच्या बाईंना उशिराचे उत्तर लिहिले.

आता माझ्याने तो सांभाळवत नाही. तो उघडला की पहिल्यांदा चार ओळी दिसतात: यात यापुढे सुधारणा होणार नाही, अमुक अमुक अक्षरे चुकतात, मूळ प्रत जपून ठेवा, आतली सगळी रचना इथे आहे, ज्याला पुढे न्यायची त्याने न्यावी.

त्या ओळी लिहिताना आजीचे ओले हात डोळ्यांपुढे होते.