पानं, भोपळा आणि 'चुरगळ'

मंडळी, सध्या मुक्काम न्यू जर्सीला, लेकीकडे. इथे ऑक्टोबर म्हणजे झाडांचे रंग आणि हॅलोविन. दुकानं सांगाडे, कोळी आणि भोपळ्यांनी भरलेली. "सगळं तयार मिळतं गं आई, कशाला पसारा?" असं लेक म्हणते. पण पाच वर्षांच्या नातवाच्या हातांना उद्योग हवा, आणि मला जुन्या कार्यानुभवाच्या तासाची खुमखुमी... मग काय, टेबलावर रद्दी पसरली आणि बसलो दोघं!

खरं कारण मात्र वेगळं होतं. नातवाला मराठी समजतं, पण तोंडून निघतं इंग्रजीच. पुण्याहून व्हिडिओ कॉल केला की "हाय आजी" आणि "बाय आजी", मधे जेमतेम दोन मिनिटं. समोर बसवून "हे काय? ते काय?" विचारलं की त्याला ती परीक्षा वाटते. परीक्षा कुणाला आवडते?

सुरुवात पानांपासून केली. अंगणात मेपल, ओक आणि चांदणीसारख्या पानांचं स्वीटगम. ओली नसलेली पानं निवडायची, वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकं रचायची. आठवड्याभरात सपाट होतात. तेवढा धीर नसेल तर पानाची शिरांची बाजू वर करायची, त्यावर पातळ कागद ठेवायचा आणि खडू आडवा धरून हलक्या हाताने घासायचा. एकेक शीर कागदावर उमटू लागली तेव्हा पोराचे डोळे बघण्यासारखे झाले होते.

"व्हाय रेड?" हा प्रश्न आलाच. दिवस लहान झाले की झाड हरितद्रव्य बनवणं थांबवतं. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरव्याखाली लपलेला. लाल मात्र बहुतेक झाडांत याच दिवसांत नव्याने तयार होतो. "म्हणजे पिवळा लपाछपी खेळत होता," असं मी सांगितलं. लपाछपी हा शब्द त्याला फारच आवडला.

मग वटवाघूळ. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीची वरची कड समोरून आणि मागून आत दाबली की दोन टोकं वर येतात, तेच कान. काळा रंग द्यायचा, काळ्या कागदाचे पंख चिकटवायचे. भूत त्याहून सोपं. टिश्यू पेपर चुरगळून गोळा करायचा, त्यावर दुसरा टिश्यू पांघरायचा आणि गळ्याशी दोरा बांधायचा. डोळे स्केचपेनने काढावेत. बाजारातले हलणारे डोळे छान दिसतात, पण घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर नकोत, तोंडात जातात. कोळ्याच्या जाळ्यासाठी कागदी बशीच्या कडेला पंचने भोकं पाडून द्यायची. लोकर मुलं ओवतात. लोकरीच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली की ओवणं सोपं जातं.

भोपळा कोरायला सुरी लागते, ते मोठ्यांचं काम. त्याने नुसता रंगवला. तसाही कोरलेला भोपळा काही दिवसांत सडतो, न कोरलेला पुष्कळ टिकतो. लेकीने दुसरा कोरला, त्यात बॅटरीचा दिवा ठेवला. आतल्या बिया धुऊन, सुकवून, मीठ लावून भाजल्या. ही चाल आयर्लंडकडची. तिथे सलगमासारखे कंद कोरत. तिथले लोक अमेरिकेत आले आणि त्यांना इथला मोठा, कोरायला सोपा भोपळा मिळाला. २०२४ साली तर नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आले होते! दिव्याशेजारी दिवा.

या सगळ्यात मी एकही शब्द 'शिकवला' नाही. "आता दुमड. जोरात दाब. हळू ओव. हे चुरगळ." एवढंच बोलत होते. शब्द कानावर पडायचा आणि हात तेच करत असायचा, त्यामुळे भाषांतराची गरजच उरली नाही. इतकी वर्षं मुलं शिकवली, पण नाम आधी की क्रियापद आधी, हा विचार मी कधी असा केला नव्हता. घरात आपण मुलांना चमचा, खुर्ची, मांजर सांगत बसतो. हाताशी जोडलेलं क्रियापद जास्त चांगलं चिकटतं, असं मला आता वाटतं.

परवा लेक ऑफिसातून आली आणि टेबल आवरताना तिने एक पानाचा ठसा रद्दीबरोबर हातात घेतला. हा ओरडला, "आई, चुरगळू नको! ते माझं आहे!"

लेक माझ्याकडे बघत राहिली. मी आपली दोऱ्याची गुंडाळी शोधत होते.

नोव्हेंबरात मी पुण्याला परतणार. बॅगेत थोडे घोटीव कागद आणले होते, ते इथेच ठेवून जाईन. फोनवर "काय केलंस आज?" असं विचारण्याऐवजी दोघांनी एकेक कागद घ्यायचा आणि मी म्हणायचं, "हं, दुमड." बघू, दोन मिनिटांची दहा होतात का. तुमच्याकडेही असं परदेशी नातवंड असेल तर करून बघा, आणि काय झालं ते जरूर कळवा.